चपलेनं आलेला व्हायरस

हा किस्सा कदाचित तुम्ही माझ्या तोंडून आधी ऐकलाही असेल. मी शाळा-कॉलेजांत कॉम्प्युटरवर बोलायला जाते, आणि पोरं जांभया द्यायला लागली की हा किस्सा काढते. आमच्या श्रीरामपुरात एके काळी कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागायच्या, कारण चपलेबरोबर व्हायरस आत येतो अशी समजूत होती. एकदा एक माणूस चपला घालून आत गेला, मशीन बंद पडलं, आणि त्याला कामावरून काढून टाकलं. पोरं खो खो हसतात. शिक्षकही हसतात. मीही हसते — इतकी वर्षं हसत आले. पण हा किस्सा अर्धाच आहे. उरलेला अर्धा मी नवऱ्याला सांगितलेला नाही, मुलीला नाही, वडील गेले, त्यांनाही नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? माहीत नाही. समोर बसलाय म्हणून, असं समजा.

आणि आधीच बजावून ठेवते — मी रडणार नाही. पश्चात्तापानं पोळलेली बाई बघायची असेल तर दुसरीकडे जा. त्यातल्या एका भागाचा मला आजही आनंद आहे, आणि तो आनंद मी कुणाला काढून घेऊ देणार नाही. राहिलेल्या भागाचं काय करायचं ते मला कळलेलं नाही, म्हणून तर बोलतेय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका कापडाच्या दुकानाच्या वर, आमचं कॉम्प्युटर सेंटर. लग्नपत्रिका, हँडबिलं, कॉलेजच्या प्रश्नपत्रिका, कुणाच्या गौरवाच्या स्मरणिका — गावातलं जे काही छापायचं असेल ते टाईप होऊन आमच्याकडून प्रेसला जायचं. मशीन एकच. ते काचेच्या दाराच्या आतल्या खोलीत, पडदे ओढून, एसी लावून ठेवलेलं. सेंटरचे मालक, आमचे सर, रोज सकाळी त्याला उदबत्ती ओवाळायचे. खंडेनवमीला सीपीयूला हळदकुंकू, मॉनिटरला झेंडूचा हार. मग आठवडाभर कीबोर्डातून पाकळ्या काढायचं काम माझं. दाराबाहेर लाकडी रॅक, आणि रॅकवर पाटी — चपला, बूट बाहेर काढावेत, व्हायरसचा धोका. सर वाईट माणूस नव्हते हो. त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी भक्तिभावानं पाळलं, एवढंच. मशीन कर्ज काढून घेतलेलं, त्याला धूळ लागली तर ते स्वतःच्या रुमालानं पुसायचे.

मशीन एक आणि ऑपरेटर दोन — मी आणि विष्णू.

विष्णू तिसगावकडचा. पाथर्डी तालुक्यातला तो भाग कोरडा. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला बाहेर पडतं. त्याचे आईबाप जायचे, थोरला भाऊ-भावजय जायची. दोन सीझन तो स्वतःही गेला होता. मग कुठूनतरी टायपिंग शिकला, परीक्षा दिली आणि श्रीरामपुरात येऊन राहिला. मला तो ताई म्हणायचा, मी त्याला विष्णूभाऊ. त्याच्या बोटांवर कोयत्याचे जुने वण होते, पण मराठी टायपिंग असं करायचा की मी काम सोडून बघत राहायचे. एकदा चहा पिताना सहज म्हणाला होता, "ताई, ह्या खुर्चीवर टिकलो तर टिकलो. न्हाईतर फडातच जायचंय." तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस पडला नाही तर बाजरी येत नाही, हे सांगावं तितक्या सरळपणे सांगितलं.

आणि सरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं — दिवाळीनंतर एकालाच ठेवायला परवडेल. ज्याचा हात जास्त चालेल, तो राहील.

कुणाचा हात जास्त चालायचा हे मला माहीत होतं, सरांना माहीत होतं, खालच्या कापडवाल्यालाही माहीत होतं. म्हणजे जाणार होते ती मी. आणि माझं काय होणार होतं? मला काही ऊस तोडायला जायचं नव्हतं. वडील साखर कारखान्यात फिटर, कायम नोकरी. माझं फक्त लग्न झालं असतं. स्थळ आलेलंच होतं. फार वाईट नाही, बघा, हे मी लपवत नाही — विष्णूचं जेवढं जाणार होतं त्याच्या मानानं माझं काहीच नव्हतं. पण मला ती खुर्ची हवी होती. नुसती हवी होती. मुलीनं एखादी गोष्ट नुसती हवी म्हणून मागू नये, त्यामागे काहीतरी दुःख दाखवावं, असं आपल्याकडे आहे. माझ्याकडे दुःख नव्हतं, हाव होती.

माझा मावसभाऊ मिलिंद पुण्यात एका ऑफिसात होता. त्यांच्याकडे इंटरनेट आलं होतं. मी त्याला पीसीओवरून फोन करून म्हटलं, टायपिंगचा स्पीड वाढवणारं काही असतं का रे? तो म्हणाला, असतं की, फुकट असतं, डाऊनलोड करून आणतो. डाऊनलोड हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पुढच्या रविवारी तो केडगावला त्याच्या बहिणीकडे आला, तिथून एसटीनं आमच्याकडे, आणि जेवायला बसायच्या आधी त्यानं खिशातून रबर लावलेल्या तीन फ्लॉप्या काढून माझ्या हातात दिल्या. एक एक करून घाल, विचारेल तसं पुढं जा, एवढंच सांगितलं.

सोमवारी दुपारी सर जेवायला घरी गेले. विष्णू प्रूफं घेऊन प्रेसला गेला होता. मी काचेचं दार आतून लावून घेतलं आणि पहिली फ्लॉपी आत सरकवली.

आता हे ऐका, कारण हाच तो आनंदाचा भाग आहे. तोवर मी त्या मशीनवर फक्त टाईप केलं होतं — दुसऱ्यानं दिलेलं, दुसऱ्याचं. मशीनमध्ये आपण काहीतरी नवीन घालू शकतो हे मला ठाऊकच नव्हतं. फ्लॉपी घरघरली, एक निळी पाटी उघडली, तीत बारीक इंग्रजी अक्षरात भलामोठा मजकूर. मला त्यातलं काही कळलं नाही. खाली दोन बटणं, तेवढं इंग्रजी मात्र कळलं — मला हे मान्य आहे, मला हे मान्य नाही. मी थांबले. खरंच थांबले. मला आजवर असं कुणी विचारलं होतं का? शाळा कुठली, विषय कुठले, स्थळ कुठलं — हे तुला मान्य आहे का म्हणून कुणी थांबून राहिलं होतं? ते मशीन थांबलं होतं. मी उत्तर देईपर्यंत ते पुढे जाणार नव्हतं. मी माऊस धरला आणि मान्य आहे वर टिचकी मारली, आणि सांगते तुम्हाला, माझ्या अंगावर काटा आला. मग दुसरी फ्लॉपी मागितली, तिसरी मागितली, एक पट्टी हळूहळू भरत गेली. भरली तेव्हा मी एकटीच त्या थंड खोलीत हसत होते. मी हे केलं होतं. मी, कुणाला न विचारता. त्या आनंदाची मला लाज वाटत नाही. वाटणारही नाही.

खेळ साधा होता. वरून अक्षरं पडायची, जमिनीला टेकायच्या आत ती दाबायची. मी अर्धा तास खेळले. सर यायची वेळ झाली तशी मी स्क्रीनवरचं त्याचं चित्र पुसून टाकलं. चित्र पुसलं की सॉफ्टवेअर गेलं, असं मला वाटायचं. फ्लॉप्या पर्समध्ये टाकल्या आणि लग्नपत्रिकेला बसले.

दुसऱ्या दिवशी विष्णू लंगडत आला. प्रेसच्या मागे कुठेतरी पत्र्यावर पाय पडून तळव्याला चांगलं कापलं होतं. भलंमोठं बँडेज, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर कशीबशी अडकवलेली चप्पल. अनवाणी चालू नको, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. रॅकपाशी तो उभा राहिला. सर आले नव्हते. त्यानं दाराच्या काचेतून मला विचारलं, "ताई, आसंच येऊ का? काढली तर पुन्हा घालता येनार न्हाई."

मी म्हणाले, या हो, काय होतंय.

मी म्हणाले. हे लक्षात ठेवा, किश्श्यात हे नसतं.

दिवसभर तो स्मरणिकेला बसला. एका हायस्कूलची स्मरणिका होती, कितीतरी दिवसांचं काम, बहुतेक सगळं त्यानंच टाईप केलेलं. मशीन त्या दिवशी जरा जडच चालत होतं. बुधवारी सकाळी मी बटण दाबलं तर काळी स्क्रीन, आणि वर इंग्रजीत एक ओळ. परत दाबलं, तेच. सरांनी उदबत्ती खाली ठेवली. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो, घरात कुणी आजारी पडल्यासारखा.

केडगावहून इंजिनिअरला बोलावलं. दुपारी तो आला. सर खाली कापडाच्या दुकानातून हायस्कूलला फोन करत होते, विष्णू बाहेरच्या बाकावर पाय वर घेऊन बसलेला. इंजिनिअरनं खोलून बघितलं, त्याच्या फ्लॉप्या घालून बघितलं, आणि मान वर न करता मला विचारलं, बाहेरची फ्लॉपी घातली होती का कुणी? डाऊनलोड केलेलं काही?

तर, आलो आपण तिथपर्यंत. इतका वेळ मी इकडची तिकडची माणसं दाखवत तुम्हाला फिरवलं — कशासाठी, तर इथं यायला नको म्हणून.

मी म्हणाले, नाही.

मला तेव्हा कळलं होतं का? हो. डाऊनलोड हा शब्द त्यानं उच्चारला त्याच क्षणी कळलं. तोवर मला शंकाही नव्हती, पण त्या क्षणानंतर मी अजाण नव्हते, आणि अजाण होते असं कुणी माझ्या बाजूनं म्हणायला आलं तर त्याला मी दारातूनच परत पाठवीन.

सर वर आले. काय झालं म्हणून विचारलं. इंजिनिअर म्हणाला व्हायरस आहे, सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल, आतलं काही राहणार नाही. सर सुन्न होऊन म्हणाले, पण आपण तर चपला बाहेर काढतो. इंजिनिअरच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं. तो सांगणारच होता — व्हायरस चपलेनं येत नसतो साहेब, तो फ्लॉपीतून येतो. त्याचं तोंड उघडलं होतं. त्याच्या आधी मी बोलले.

मी म्हणाले, "सर, विष्णूभाऊ काल चपला घालून आत बसले होते."

इंजिनिअरनं माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं, मला कळलं की त्याला कळलं. मग त्यानं स्क्रू गोळा केले आणि गिऱ्हाइकाशी वाद नको म्हणून गप्प राहिला. त्याच्यावर मी काही ढकलत नाही. तोंड माझं होतं.

आता खोटं कुठं बोलले मी? चपला घालून तो आलाच होता. शब्द न् शब्द खरा. वकील असते तर केस जिंकले असते.

पण मी कोण आहे हे तुम्हाला सांगायचं राहिलं. आम्ही बौद्ध. छप्पन्नच्या दीक्षेनंतरच्या पहिल्या काही घरांतलं आमचं घर. वडील कारखान्यातून आले की वस्तीतल्या बैठकीत बोलायचे — अंगारा-धुपारा सोडा, विटाळ-बिटाळ सगळं थोतांड आहे, कुणाच्या पावलानं काही बाटत नाही. मी ते झोपेतही म्हणून दाखवीन. माझ्या आजोबांना त्यांच्या गावात पाटलाच्या दारावरून जाताना चपला काढून काखेत माराव्या लागायच्या. वडिलांनी ही गोष्ट आम्हा भावंडांना इतक्या वेळा सांगितली की आम्ही कंटाळायचो. ती पाटी रॅकवर लागली तेव्हा त्या अख्ख्या इमारतीत एकटी मी होते जिला आतून पक्कं माहीत होतं की हे खुळचटपण आहे. आणि तीच मी. वेळ आली तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही — चपला घालून आत आला, आणि बाटवलं. आमच्या लोकांवर पिढ्यान्‌पिढ्या जे चाललं ते मी उचललं आणि तिसगावच्या एका ऊसतोड्याच्या पोरावर चालवलं. चाललं की हो. काय बिनचूक चाललं.

मला माहीत आहे लोक काय म्हणतील. तुमच्यासारखीनं तरी असं करू नये. का? माझ्यासारखीनं का नाही? आम्ही सोसलं म्हणून आम्ही चांगलं असलंच पाहिजे असा ठेका घेतलाय का कुणी? मला हाव सुटली, मी घाबरले, मी एका माणसाला बुडवलं. बाकीच्या जगाला हे सगळं करता येतं तसं मलाही आलं. माझ्या पापाला माझ्या समाजाचं नाव चिकटवायला कुणी आलं तर मी भांडेन. ते माझं एकटीचं आहे.

विष्णूला आत बोलावलं. सरांचा आवाज चढला, तो मी कधी ऐकला नव्हता. विष्णूनं एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगणार — ताईंनीच या म्हटलं म्हणून. तो खाली बँडेजकडे बघून म्हणाला, "चुकलं सर." बस. माझं नाव त्यानं घेतलं नाही. का घेतलं नाही? मला आजतागायत माहीत नाही. शनिवारी तो गेला. सरांनी त्याचा हिशोब चुकता केला, त्यात त्यांनी काही कमी केलं नाही, हेही सांगायला हवं.

फ्लॉप्या मी घरी बंबात घातल्या. आईनं विचारलं, कसला घाण वास येतोय. मी म्हणाले, प्लास्टिक.

स्मरणिका मी पुन्हा टाईप केली, पहिल्या पानापासून. विष्णूची प्रूफं समोर ठेवून, त्यानं पेननं केलेल्या दुरुस्त्या बघत बघत. माझा हात त्या कामानं बसला, त्या खेळानं नाही. दिवाळीनंतर सरांनी मला कायम केलं, पगार वाढवला, आणि हायस्कूलच्या कार्यक्रमात माझं नाव घेऊन कौतुक केलं. टाळ्या पडल्या. मी उभी राहिले आणि नमस्कार केला. ते स्थळ मी परत पाठवलं. पुढं जे काही झालं ते त्या खुर्चीतून झालं — आज मी ज्या घरात राहते ते घर, माझी मुलगी शिकली ती फी, सगळं. परत द्यायचं म्हटलं तरी काय परत देऊ?

त्याच हिवाळ्यात मी त्याला भेटले. हे शेवटचं.

वडील डबा विसरले होते, रविवार होता, मी सायकलवरून कारखान्यावर निघाले. गेटबाहेर उसाच्या गाड्यांची लांबच लांब रांग लागलेली. कुणीतरी ताई म्हणून हाक मारली. विष्णू. डोक्याला फडकं, दाढी वाढलेली, एका बैलगाडीच्या जुवाशेजारी उभा. ऊसतोडीला दोघांची जोडी लागते. भावजय बाळंत झाल्यामुळे भावाबरोबर यंदा हा आला होता. काळवंडला होता. पाय बरा झालाय म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

मग तो जवळ आला आणि खालच्या आवाजात बोलला, रांगेतल्या माणसांनी ऐकू नये म्हणून. "ताई, लई दिवस मनात हुतं. माझ्यामुळं तुमचं लई नुसकान झालं. समदं परत टाईप कराया लागलं म्हनं तुमाला. तुमी या म्हनला ते माझा पाय बघून म्हनला, पन मला आक्कल पायजे हुती. तुमचं नाव मी घेतलं न्हाई तवा. पन माझ्या चपलेनं मशीन गेलं, ते काय खोटं न्हाई."

तो खरंच तसं मानत होता. आजूबाजूला बैल होते आणि ऊस होता. माझी नोकरी पक्की झालेली होती, आता ती कुणी काढून घेणार नव्हतं. दोन वाक्यं होती फक्त. फ्लॉपी माझी होती, विष्णूभाऊ. तुमच्या चपलेनं काही झालं नाही. एवढंच म्हणायचं होतं, आणि त्याच्या डोक्यावरचं ते ओझं तिथल्या तिथं उतरलं असतं. तो माझ्याकडे बघत वाट पाहत होता.

मी म्हणाले, "जाऊ द्या विष्णूभाऊ. मी काही मनात ठेवलेलं नाही."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. लई बरं वाटलं, म्हणाला. मी सायकलवर बसले आणि वडिलांचा डबा द्यायला गेटातून आत गेले. मी त्याला माफ केलं होतं.